तरुण मंडळाची ऐंशी मेंढरं

निमोण्याच्या पुढं चार मैलांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण ह्या हकिकतीतली सगळी माणसं हयात आहेत आणि त्यांतली निम्मी भांडकुदळ आहेत. १९७८ साली ह्या गावात चौदा ते वीस वयाची सत्तेचाळीस पोरं-पोरी होती आणि त्यांना संध्याकाळी बसायला जागा नव्हती. पोरं एस.टी.च्या थांब्यावर बसून उतरणाऱ्या माणसाची चप्पल आज तुटणार की उद्या, ह्यावर पैजा लावत. पोरी कुठंच बसत नसत. त्या घरात भाकरी थापत आणि दहावीचं पुस्तक चुलीच्या उजेडात गुडघ्यावर उघडून ठेवत.

ह्या सत्तेचाळीस जणांचा कळवळा गावात दोघांनाच आला. एक जयसिंग गायकवाड गुरुजी. बुद्धवस्तीतले, शाळेत गणित शिकवणारे, आवाज न चढवता माणसाला गप्प करणारे. दुसरा ज्ञानदेव म्हाळू कोकरे, शिरूरच्या एका सरकारी कचेरीतला आवक-जावक कारकून. ह्याचा बाप जन्मभर मेंढरं राखत हिंडला. ज्ञानदेव मॅट्रिक झाला, टेरिलिनचा शर्ट घालू लागला आणि मेंढरांचा कळप दिसला की रस्त्याची दुसरी बाजू धरू लागला. आवाज चढवण्याचं गुरुजींच्या वाट्याचं कामही तोच करी. त्याला राग फार. कचेरीत साहेबापुढं गिळलेला सगळा राग तो शिरूरहून एस.टी.नं रोज गावात आणी आणि तिकीट मात्र एकाच माणसाचं काढी.

दोघांनी मिळून तरुण मंडळ काढलं. संध्याकाळी अभ्यासिका, पोरांना व्हॉलीबॉल, पोरींना शिवणकाम. सगळं ठरलं, फक्त जागा ठरेना. वेशीजवळ एक दगडी खोली रिकामी पडली होती. ती साहेबराव कोकऱ्यांची, असं सगळं गाव म्हणे. साहेबराव म्हणजे ज्ञानदेवाचा चुलत चुलता, सोसायटीचा चेअरमन. मेंढरं सोडून बागायतदार झालेला आणि दोन्ही गोष्टींचा गर्व असलेला माणूस.

"वर्साचं भाडं चारशे, एकरकमी," साहेबराव म्हणाला. "एकतीस मार्चच्या आत. न्हाई जमलं तर एक एप्रिलला सोसायटीची खताची पोती येत्यात. खत भाडं थकवत न्हाई आन् दंगाबी करत न्हाई."

"आबा, गावच्या पोरांसाठी मागतोय."

"पोती बी गावचीच हायेत."

हा राग पहिला. त्याच्या भरात ज्ञानदेवानं ग्रामसभेत उभं राहून ठराव मांडला, की एकतीस मार्चच्या आत चारशे रुपये उभे न केल्यास आपण मंडळाचं अध्यक्षपद सोडू आणि पुन्हा गावात कुठल्याही कामाला तोंड दाखवणार नाही. अनुमोदनही त्यानं स्वतःच दिलं. गुरुजींनी शर्ट धरून खाली ओढला, पण तोवर ग्रामसेवकानं लिहून घेतलं होतं.

चारशे रुपये म्हणजे काही डोंगर नव्हे. ह्याच गावानं मागल्या यात्रेत शोभेच्या दारूला नऊशे रुपये चार तासांत जमवले होते आणि पाच मिनिटांत जाळले होते. पण पोरांच्या अभ्यासिकेला वर्गणी म्हटल्यावर प्रत्येकाला एकदम आपलं दारिद्र्य आठवलं. शेजारची साखरबाई म्हणाली, "आमच्या टायमाला कुठं होती अभ्याशिका? आमी काय मेलो का?" अशी, अभ्यासिकेवाचून न मेलेली सहा माणसं ज्ञानदेवानं त्या एका दिवसात मोजली.

तरी काही लोक दोन-दोन रुपये द्यायला तयार होते. तिथं आडवी आली ज्ञानदेवाची नोकरी. पावतीशिवाय पैसे कसे घ्यायचे? पावतीपुस्तकाचं विचारायला तो आपल्याच कचेरीतल्या दुसऱ्या टेबलाशी गेला. त्या टेबलानं त्याला ओळख न दाखवता सांगितलं, की मंडळाची नोंदणी नसेल तर पावती फाडता येत नाही; नोंदणी पुण्याला होते; अर्ज केला तर सहा महिन्यांत होते, न केला तर लवकर विसरली जाते.

"मग बिनपावतीचे घ्या की कोकरे. सगळा तालुका घेतो."

"मी आवक-जावक कारकून आहे!" ज्ञानदेव कडाडला. "नोंद न करता मी टपालाचं तिकीटसुद्धा चाटलेलं नाही!"

घरी येऊन त्यानं हे बायकोला, रतनबाईला, तीनदा सांगितलं. ती तांदूळ निवडत म्हणाली, "चाटायचं ऱ्हाऊ द्या. माझ्या डोरल्याकडं बघू नका म्हंजी झालं."

तोड काढली खंडूआप्पानं. सत्तरीचा म्हातारा, मेंढपाळांच्या वस्तीवर अजून खऱ्या अर्थानं मेंढरं राखणारा हा एकटाच. बाकीच्यांनी दावणीला पाच-दहा ठेवलेली, हौस म्हणून म्हणा, आठवण म्हणून म्हणा.

"ज्ञानू, आपली भावकी रोख देणार न्हाई. हाताला कापरं भरतं. पर मेंढरं दील. घरटी पाच मेंढरं माग, एका म्हैन्याच्या बोलीनं. घोडच्या कालव्याकडच्या रानांत रातची बसवू. बागायतदार खतापायी रातीला पंधरा रुपये देत्यात. म्हैन्यानं ज्याची त्याला परत. मेंढराला कुठं पावती लागती?"

रान खताला यावं म्हणून शेतकरी कळप रात्रभर शेतात बसवून घेतो आणि त्याचे पैसे देतो, ही रीत ज्ञानदेवाला बापापासून माहीत होती. बापाच्या त्या धंद्याची लाज वाटून तो शिकला होता. पण सोळा घरं, ऐंशी मेंढरं, रात्रीला पंधरा रुपये, सत्तावीस रात्री: चारशे पाच. हिशोब इतका देखणा होता की लाज त्याच्यापुढं टिकली नाही. शेतकऱ्याच्या पैशाची नोंद 'मेंढरं बसवण्याची मजुरी' अशी करता येत होती, आणि मजुरीला नोंदणी लागत नव्हती.

सोळाही घरांनी मेंढरं दिली. साहेबरावानंसुद्धा दिली, अख्खी भावकी देते आणि चेअरमन देत नाही हे बरं दिसलं नसतं. गड्यानं पाच मेंढरं आणून सोडली. त्यांतली एक भिंतीला टेकली ती भिंत संपेपर्यंत सरळ झाली नाही.

आता इथं ज्ञानदेवानं ती चूक केली, जी ऐंशी वर्षांत कुठल्या अडाणी मेंढक्यानं केली नसती. त्यानं कचेरीसारखं रजिस्टर घातलं. प्रत्येक मेंढराला आवक नंबर दिला आणि लाल ऑइलपेंटनं पाठीच्या लोकरीवर हातभर मोठा रंगवला. मालकांनी आपापल्या मेंढरांवर लावलेले निळे-हिरवे ठिपके त्या नंबरांखाली गेले. कानाच्या कातराची खूण असते, पण सगळी एकाच भावकीची, खूण एकच. रजिस्टरात नंबरापुढं मालकाचं नाव आलं. 'वर्णन' हा रकाना त्यानं आखला होता, पण मेंढराचं वर्णन काय लिहायचं, म्हणून तो रिकामा सोडला.

खंडूआप्पा बघत होता. "ज्ञानू, त्यास्नी तोंडं हायेत की."

"तोंडं फाइलीला लावता येत नाहीत, आप्पा."

पहिले आठ दिवस बरे गेले, म्हणजे भांडण एकच झालं. बन्सी नावाचा एक बागायतदार सकाळी रानात लेंड्या बघत फिरला आणि म्हणाला, हे ऐंशी मेंढरांचं खत नव्हे, साठाचंच आहे; पंधरा नाही, अकरा देईन. ज्ञानदेव कचेरीला जायच्या कपड्यांत तिथं हजर झाला. त्यानं बन्सीला नंबर एकपासून ऐंशीपर्यंत मेंढरं मोजून दाखवली.

"मेंढरं हायेत वो," बन्सी म्हणाला. "टाकलं किती त्ये बोला."

टेरिलिनच्या शर्टातला माणूस दांडावर बसून एका चौरस हातातल्या लेंड्या मोजतोय आणि त्याला शेताच्या क्षेत्रफळानं गुणतोय, हे दृश्य कालव्यावरच्या बायकांनी धुणं थांबवून पाहिलं. तेरा रुपयांवर मिटलं. उरलेले दोन ज्ञानदेवानं खिशातून घातले आणि 'देणगी, निनावी' अशी नोंद केली. एस.टी. मात्र गेली.

दुसऱ्या आठवड्यात खंडूआप्पा दौंडला भाचीच्या लग्नाला गेला. चार दिवस. "मेंढरं तुझ्या बापाची वळखीची हायेत, तुलाबी वळखतील," असं म्हणून गेला. ज्ञानदेवानं पोटशूळाचं कारण देऊन आजारपणाची रजा टाकली आणि घोंगडं नको म्हणून छत्री घेतली.

मेंढरांनी त्याला ओळखलं नाही. त्याची 'चला' ही हाक त्यांनी सरकारी परिपत्रकासारखी ऐकली. पुढचं वळलं की मागची वळतात हे खरं, पण पुढचं कोण हे ज्ञानदेवाला चार दिवसांत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना बावन्न नंबर मधोमध उभा राहिला, त्याच्याभोवती बाकीचे एकोणऐंशी उभे राहिले, आणि शिरूरकडून एक जीप येऊन थांबली. हॉर्न वाजला. ज्ञानदेव छत्रीनं बावन्न नंबराला ढोसत होता. जीपमधून त्याच्या कचेरीचे साहेब खाली उतरले.

"कोकरे?"

ज्ञानदेव वळला. अंगाला वास, हातात मोडकी छत्री, पायाशी बावन्न नंबर.

"साहेब."

"पोट कसं आहे?"

"बरं आहे, साहेब."

साहेबांनी ऐंशी पाठींवरचे लाल आकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. "नोंद व्यवस्थित ठेवलीय," ते म्हणाले आणि गाडीत बसले. चार दिवसांचा पगार कापल्याचा कागद ज्ञानदेवाच्या आधी कचेरीत पोचला होता आणि त्याच्यावर आवक नंबर त्यालाच टाकावा लागला.

हा राग त्यानं घरी आणला तेव्हा रतनबाईनं ताट वाढून दार ओढून घेतलं. "ह्या गावात कुणासाठी करतोय मी?" तो दाराशी बोलला. "सत्तेचाळीस पोरं! त्यांचे सत्तेचाळीस बाप! एकानं तरी येऊन विचारलं का, ज्ञानू, आज मी येतो मेंढरांमागं? दारूकामाला नऊशे! आणि पोरींना बसायला चटई नाही!" दाराला काही बोलता येईना. हे सगळं खरंच होतं, हाच त्यातला वाईट भाग.

सत्तावीस रात्री भरल्या. चारशे पाच रुपये गुरुजींच्या ट्रंकेत जमले. अठ्ठावीस मार्चला ज्ञानदेव दुपारची एस.टी. धरून लवकर आला. मेंढरं वेशीत आणून मालकांना वाटायची होती. वेशीत येऊन बघतो, तर ऐंशी मेंढरं उभी होती, आणि एकाच्याही अंगावर नंबर नव्हता. लोकरच नव्हती. सगळी नुकती न्हावी बसून गेल्यासारखी गुळगुळीत.

खंडूआप्पा हसतमुखानं पुढं झाला. "कातरून घेतली. कवठ्याचं माझं तिघं मेव्हणं आल्तं. म्हटलं कातरणीचं दिस हायेत, मंडळाला चार पैसं जास्तीचं. निम्मी लोकर त्यास्नी मजुरीला दिली, निम्मी ही बघ."

ज्ञानदेव लोकरीच्या दोन पोत्यांजवळ गेला, एकात हात घातला आणि एक लाल झुबका बाहेर काढला. त्यावर चोवीसमधला चार होता, किंवा चौऱ्याहत्तरमधला.

"आप्पा," तो कसाबसा म्हणाला, "नंबर."

"नंबर कशाला? तोंडं हायेत की."

तोंडं होती, आणि प्रत्येक मालक आपलं तोंड ओळखत होता. पण ओळखणं वेगळं आणि सांगणं वेगळं. मंडळाच्या रजिस्टरात वर्णन नाही, ही बातमी भावकीत पसरायला दहा मिनिटं लागली. मग सोळा घरं आली आणि सोळाही घरांना आपली मेंढरं महिन्याभरात फार माजलेली दिसू लागली. मोठ्या शिंगांच्या एका एडक्याला चार मालक निघाले. भिंतीला टेकणाऱ्या मेंढीला एकही निघाला नाही. भागुबाई म्हणाली, लोकर आमची, तिचे पैसे आधी टाका. साखरबाईचं मेंढरू नव्हतंच, तरी ती दोन मागत होती.

साहेबराव सगळ्यांत शेवटी आला आणि पाच गरगरीत मेंढ्यांकडं काठी दाखवून म्हणाला, "ती माजी."

गुरुजींनी शांतपणे चारशे रुपये पुढं केले. "चेअरमनसाहेब, हे भाडं घ्या. मेंढरांचं नंतर बघू."

"आधी माजी पाच मेंढरं, मग भाडं. न्हाईतर हाय का, पोती तयारच हायेत. तेरवा एकतीस तारीख."

इथं ज्ञानदेव फुटला. महिनाभराचं सगळं एकदम बाहेर आलं, आणि आलं तेही कचेरीच्या भाषेत नाही.

"लाजा वाटत न्हाईत का रं तुमास्नी? तुमच्याच पोरांसाठी लेंड्या मोजल्या मी! पगार कापला, पोटशूळ झाला, सायबापुढं नाक गेलं! आन् तुम्ही मेंढरं चोरता? दुसऱ्याची न्हवं, सोताच्या भावाची! मंडळाची! पोरं बघत्यात तिकडं थांब्यावर बसून, काय शिकायचं ते शिकत्यात! अभ्यासिका कशाला पायजे त्यास्नी, तुमी हायसा की शिकवाया!"

थांब्यावरची पोरं उठून जवळ आली होती. त्यांच्या मागं, डोक्यावर पाण्याच्या घागरी असलेल्या चार-पाच पोरीही.

"ज्ञानू," खंडूआप्पा म्हणाला, "ओरडतोस कशाला? त्यास्नी हाका मारू दे. मेंढरू आपल्या घरच्या हाकेला येतं, दुसऱ्याच्या येत न्हाई. येकेकानं पुढं व्हायचं."

आता मागं हटणं म्हणजे चोरी कबूल करणं. एकेक घर पुढं आलं. कुणी जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, कुणी लांब हुर्रर्र ओढलं, भागुबाईनं नुसतं "या गं बायांनो" म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ऐंशीतून पाच मेंढरं कान उचलून निघाली. गरगरीत म्हणून मागितलेली जागची हलली नाहीत. शिंगवाला एडका त्या चौघांतल्या एकाकडंही न बघता ह्या भांडणात तोंडच न उघडलेल्या अनसाबाई म्हातारीकडं गेला आणि तिच्या ओच्याला नाक घासू लागला. पोरं हसली. मग बायका हसल्या. मग जे पकडले गेले तेही हसले, कारण त्याशिवाय दुसरं काही शिल्लक नव्हतं.

साहेबरावानं खाकरून हाक दिली. वार्षिक सभेत 'सभासद बंधूंनो' म्हणतात तशी. एक मेंढरू वळलं नाही. दहा वर्षांत त्यानं मेंढरांना हाक मारली नव्हती. मारत असे गडी, किंवा बायको.

"सोजरबाईला बोलवा!" कुणीतरी ओरडलं.

साहेबरावाची बायको सोजरबाई कडेलाच उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि हळू आवाजात एकदाच "बिर्र, बिर्र" केलं. पाच मेंढरं निघाली. फासळ्या मोजता येतील अशी पाच, आणि त्यांतली पाचवी वाटेत दोनदा माणसांना टेकत आली.

वेस हसता हसता खाली बसली. साहेबराव लालेलाल झाला. "खोली न्हाई!" तो काठी आपटून ओरडला. "चारशे नको आन् आठशे नको! उद्याच पोती टाकतो! खोली कुणाची हाय ते बघतो!"

"बघा की," सोजरबाई म्हणाली. "खोली माझी हाय."

कुणाला काही कळेना. साहेबरावाला मात्र लगेच कळलं, कारण त्याची काठी खाली आली.

"तीन सालामागं जमिनीच्या सीलिंगमधी समदं जातंय म्हणून ह्यांची गाळण उडाली," ती सगळ्यांना सांगू लागली. "तवा हिरीजवळचा तुकडा आन् ही खोली माज्या नावावर केली. त्या सालाला समद्या गड्यांचा बायकांवर लई इस्वास बसला व्हता. कागद घिऊन कोण आलं आंगठ्याला?" तिनं ज्ञानदेवाकडं बघितलं. "तूच न्हवं का? माजं बोट धरून शाईत बुडवलंस."

ज्ञानदेवाला आठवलं. कागद त्याच्याच टेबलावरून गेला होता. त्यानं स्वतः आवक नंबर टाकला होता. नंतर जावकही.

"काकी," तो म्हणाला, "मग फेब्रुवारीत का न्हाई बोललीस?"

"तू मला इचारलंस कवा? चेअरमनला अर्ज दिलास. गावात ठराव मांडलास. जीपखाली जाता जाता वाचलास. रोज माज्या दारावरनं एस.टी.ला जातूस. 'काकी, खोली देती का' एवढं म्हणाया काय तिकीट पडतं व्हय? माजी नात, रंभा, रोज चुलीपुढं डोळं फोडून घेती. मी न्हाई म्हणलं असतं?"

"आन् भाडं?" गुरुजींनी विचारलं.

"पोरीस्नी बसाया जागा, तिचं कसलं भाडं? त्या पैशाची बत्ती आणा. शिवायचं मशीन आणा."

लोकरीवरचा हक्क त्यानंतर कुणी सांगितला नाही. सगळं गाव खूश झालं. सत्तावीस दिवसांत प्रथमच ज्ञानदेवाला हवं ते मिळालं, तेही फुकट, आणि त्याचा राग असा उसळला की कानशिलं गरम झाली. पगार गेला, अब्रू गेली, लेंड्या मोजल्या, आणि हे सगळं एका प्रश्नाचं काम होतं. रागवायचं कोणावर? सोजरबाईवर? मेंढरांवर?

तिनं कमरेची किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. ज्ञानदेवानं हात मागं घेतला.

"असं नाही!" तो ओरडला. "लेखी द्या! कुठल्या तारखेपासून, किती मुदतीनं, कोणत्या अटींवर! तोंडी ताबा मी घेत नाही!"

सोजरबाईनं मागं वळून घागर घेतलेल्या पोरींतल्या एकीला हाक मारली. "रंभे, घागर खाली ठेव. जा, तू उघड."

पोर गेली. कुलूप गंजलेलं होतं, तरी उघडलं. तिच्यामागं बाकीच्या पोरी गेल्या, मग पोरं, मग गुरुजी. आत आधी धूळ उडाली, मग कुणीतरी खराटा मागितला, मग कुणीतरी खिडकी ढकलली. ज्ञानदेव उंबऱ्याबाहेर उभा राहून मोठमोठ्यानं सांगत होता, की ताबापावतीशिवाय आत जाणं बेकायदेशीर आहे, की त्याला कुणी विचारलं नाही, की ह्या गावात त्याला कधीच कुणी विचारत नाही.

रंभानं दारातून डोकं बाहेर काढलं. हातात दहावीचं भूमितीचं पुस्तक होतं.

"काका," ती म्हणाली, "रागवायचं आसंल तर तिकडं थांब्यावर जाऊन रागवा. हितं अभ्यास चाललाय."